कारखाना दहेजला, माणूस ठाण्यात: लिंक्डइनच्या आधारे केलेल्या नोकरीशोधाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक पट्ट्यात, म्हणजे दिघा-ऐरोलीपासून तुर्भ्याच्या पुढपर्यंत पसरलेल्या एमआयडीसीत, १९६० च्या दशकापासून रसायने, औषधे आणि अभियांत्रिकी मालाचे कारखाने उभे राहिले. गेल्या काही दशकांत त्यांतले अनेक बंद पडले किंवा गुजरातेत गेले, आणि त्याच पट्ट्यात आधी आयटी पार्क व अलीकडे डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या इमारती आल्या. या बदलात ज्यांची उभी हयात एकाच कारखान्यात गेली, अशा चाळिशीतल्या तंत्रज्ञांची अवस्था कठीण होते. काम येते, पण ते येते हे प्लांटच्या गेटबाहेर कोणालाच ठाऊक नसते.

या प्रकरणातील गृहस्थांना येथे श्री. द. म्हटले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. श्री. द. कळव्याला राहतात. इन्स्ट्रुमेंटेशनचा, म्हणजे मापन आणि नियंत्रण उपकरणांचा, डिप्लोमा करून ते २००५ साली रबाळ्याच्या एका रसायन कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले आणि तेथेच इलेक्ट्रिकल-इन्स्ट्रुमेंटेशन विभागाचे असिस्टंट मॅनेजर झाले. २०२४ च्या उन्हाळ्यात व्यवस्थापनाने जाहीर केले की उत्पादन टप्प्याटप्प्याने भरूच जिल्ह्यातील दहेजला हलवले जाईल; जे येतील त्यांना तिकडे सामावून घेतले जाईल आणि जे येणार नाहीत त्यांना ठरावीक रक्कम देऊन मार्च २०२५ अखेर मोकळे केले जाईल. कुणकुण त्याआधीपासूनच होती. जुने ट्रान्समीटर बदलण्याचे प्रस्ताव वर्षभर सहीविना पडून होते, आणि असे प्रस्ताव पडून राहतात तेव्हा देखभाल विभागाला जे समजायचे ते समजतेच.

त्यांच्या पत्नी ठाण्यातील एका अनुदानित शाळेत कायम शिक्षिका आहेत आणि मुलगी त्या वर्षी दहावीला होती. त्यामुळे दहेजचा विचार घरात फार वेळ चालला नाही. प्रस्तुत लेखक तंत्रनिकेतनांच्या माजी विद्यार्थ्यांना नोकरीबाबत मार्गदर्शन करणाऱ्या एका छोट्या गटात काम करतो. श्री. द. आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी आपल्या परीने शोध सुरू करून दोन महिने होऊन गेले होते.

अडचण

त्या दोन महिन्यांत त्यांनी लिंक्डइन या नोकरी-व्यवसायातील ओळखींच्या संकेतस्थळावर खाते उघडले होते, पुतण्याकडून बायोडाटा नीट करून घेतला होता आणि रोज रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर 'इझी अप्लाय'ची बटणे दाबली होती. इन्स्ट्रुमेंटेशन, मेंटेनन्स, प्रोजेक्ट्स, ऑटोमेशन, अगदी ऊर्जा लेखापरीक्षण अशा दीडशेच्या आसपास जाहिरातींना अर्ज गेले होते. उत्तरादाखल दोन-तीन छापील नकार आले होते, बाकी सर्व शांत. 'माझ्या वयाला आता कोणी विचारत नाही' असा निष्कर्ष त्यांनी काढला होता, आणि तो पटण्यासारखा वाटला तरी हातातल्या पुराव्यावरून निघत नव्हता. त्यांचे वय कोणी पाहिले असेल, अशी अवस्थाच नव्हती.

प्रोफाइल उघडून पाहिल्यावर कारण दिसत होते. नावाखालच्या मथळ्यात 'असिस्टंट मॅनेजर, ई अँड आय' एवढेच आणि पुढे कंपनीचे नाव होते. ठिकाण म्हणून नुसते 'भारत' होते. अनुभवाच्या रकान्यात १९ वर्षे एका ओळीत बसवली होती आणि तिच्याखाली कामाचे वर्णन कोरे होते. भरती करणारी व्यक्ती या संकेतस्थळावर शोधते ती यंत्रणांची, कामांची आणि पदांची नावे टाकून व ठिकाणाची चाळणी लावून. 'ई अँड आय' ही अक्षरे त्या कारखान्याच्या हजेरीपटावर अर्थपूर्ण असली तरी बाहेरचा माणूस ती टाइप करण्याची शक्यता थोडीच. जाहिरातींना अर्ज केला तरी प्रत्येक ठिकाणी हेच प्रोफाइल पुढे जात होते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. त्यांच्या संपर्कयादीत सत्तरेक लोक होते आणि त्यातले बहुतेक त्याच कारखान्यातले, म्हणजे त्याच मार्चअखेरीस बेकार होणारे. एकमेकांना कळणारी प्रत्येक जागा सगळ्यांना आधीच कळलेली असे.

समोरचे पर्याय

पहिल्या बैठकीत आम्ही पाच वाटा कागदावर मांडल्या. दहेजला एकट्याने जाऊन महिन्यातून दोनदा घरी येणे ही एक. अंबरनाथ, तळोजा, पाताळगंगा, रोहा या पट्ट्यांतल्या रसायन कारखान्यांत तसेच पद शोधणे ही दुसरी. नोकरी डॉट कॉमसारख्या स्थळावर बायोडाटा ताजा ठेवून आणि ठाण्यातील एक-दोन प्लेसमेंट सल्लागारांना गाठून बोलावणे येण्याची वाट पाहणे ही तिसरी. चौथी वाट स्वतःचे छोटे कॅलिब्रेशनचे, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांची अचूकता तपासण्याचे, काम सुरू करण्याची होती, जी मिळणाऱ्या रकमेकडे पाहून त्यांच्या मेहुण्यांनी सुचवली होती. पाचवी वाट म्हणजे उद्योग बदलायचा, पण हातातले कौशल्य तेच ठेवायचे.

चौथी वाट लवकर बाजूला पडली, कारण प्रमाणित मोजमापाची साधने आणि एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाची मान्यता यांचा खर्च व वेळ पाहता मुलीच्या बारावीपर्यंत घर चालेल याची खात्री नव्हती. तिसरी वाट आम्ही बंद केली नाही. मात्र तिच्यात एक मर्यादा आहे: बायोडाटा साठवणाऱ्या स्थळावर उमेदवार शोधणाऱ्याला उमेदवार दिसतो, पण उमेदवाराला त्या कंपनीत आपले कोण आहे ते दिसत नाही. लिंक्डइनचा खरा उपयोग नेमका तेथे होता, आणि श्री. द. यांनी तोच भाग वापरला नव्हता.

दुसरी आणि पाचवी यांत निवड करणे अवघड होते. श्री. द. यांचा कल दुसरीकडे होता, कारण रसायन प्लांट त्यांना तोंडपाठ होता. पण रोह्याला रोज जाऊन-येऊन करणे शक्य नव्हते, आणि अंबरनाथच्या ओळखीच्या दोन कारखान्यांत भरती थांबलेली होती. उलट त्यांच्या कामाची फोड केली तेव्हा दिसले की गेल्या सात-आठ वर्षांत त्यांचा निम्मा वेळ प्रक्रियेपेक्षा युटिलिटीवर, म्हणजे पाणी थंड करणारे चिलर, कूलिंग टॉवर, कॉम्प्रेसर, डिझेल जनरेटर आणि ती यंत्रे आपोआप चालवणारे नियंत्रक, म्हणजे पीएलसी, यांवर गेला होता. डेटा सेंटर चालवणाऱ्याला हेच लागते. तेथे सर्व्हर हा ग्राहकाचा विषय. इमारत चालवणाऱ्याची चिंता थंडावा आणि वीज. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीत टियर-३ म्हणजे कोणतेही उपकरण देखभालीसाठी काढले तरी काम थांबू नये अशी रचना, आणि चालू प्लांट न थांबवता चिलर बदलीवर घेणे हे श्री. द. यांनी आयुष्यभर केलेले काम होते. वाशी-ठाणे गाडीतून रोज ज्या इमारती दिसत होत्या, त्यांच्या आत आपल्याला काम असू शकेल, हे त्यांना तोवर सुचले नव्हते. आम्हालाही ते त्यांच्या शटडाउनच्या जुन्या वह्या चाळताना सुचले.

पहिला निर्णय: मथळ्यात काय लिहायचे आणि काय लिहायचे नाही

मथळ्यासाठी २२० अक्षरांची जागा मिळते. पुतण्याने सुचवले की त्यात 'बीएमएस एक्स्पर्ट' असे टाकावे, कारण डेटा सेंटरच्या जाहिरातींत बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टीम हा शब्द हमखास असतो. श्री. द. यांनी बीएमएस म्हणून विकली जाणारी यंत्रणा कधी हाताळलेली नव्हती. चिलर आणि पंपांची माहिती पीएलसीतून मॉडबस या यंत्रांच्या संवादपद्धतीवर घेऊन नियंत्रण कक्षात दाखवणारी व्यवस्था मात्र त्यांनी स्वतः उभी केली होती, आणि तत्त्वतः दोन्हींत फार अंतर नाही. शोधात नाव यावे म्हणून तो शब्द हवा होता. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडू नये म्हणून तो नको होता.

शेवटी मथळ्यात इन्स्ट्रुमेंटेशन अँड कंट्रोल्स, डीसीएस (पूर्ण प्लांटची नियंत्रण यंत्रणा), पीएलसी, मॉडबस, चिलर प्लांट ऑटोमेशन आणि क्रिटिकल युटिलिटीज एवढे लिहिले गेले. बीएमएस हा शब्द 'माझ्याविषयी' या भागात आला, तोही 'बीएमएस आणि बॅकनेट यांचा अभ्यास चालू आहे' (बॅकनेट ही इमारतींतल्या यंत्रणांची संवादपद्धत) अशा खऱ्या वाक्यात, कारण त्यांनी एक लहानसा ऑनलाइन अभ्यासक्रम खरोखर सुरू केला होता. शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला शब्द सापडला आणि वाचणाऱ्या माणसाची फसवणूकही झाली नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकरणातला हा सर्वांत शहाणा निर्णय होता आणि तो श्री. द. यांचा स्वतःचा होता.

अनुभवाची एक ओळ तोडून तीन पदे वेगळी दाखवली, प्रत्येकाखाली दोन-तीन कामे आकड्यांसह लिहिली: किती लूप, किती टनांचे चिलर, किती दिवसांचा शटडाउन. ठिकाण 'मुंबई महानगर प्रदेश' केले, कारण ऐरोलीची जागा भरणारा माणूस ठिकाणाची चाळणी बहुधा तीच लावतो. ही सर्व दुरुस्ती करताना बदलांची सूचना संपर्कातील लोकांना जाण्याची सोय आधी बंद करून ठेवली, नाहीतर प्रत्येक फेरफार वरिष्ठांच्या पडद्यावर उमटण्याची शक्यता होती.

दुसरा निर्णय: हिरवी चौकट

नोकरी शोधत असल्याची खूण लिंक्डइनवर दोन प्रकारे लावता येते. छायाचित्राभोवती सर्वांना दिसणारी हिरवी चौकट हा एक प्रकार. दुसऱ्यात ती माहिती फक्त भरती करणाऱ्यांची सशुल्क सेवा वापरणाऱ्यांना दिसते, आणि आपल्याच कंपनीतील अशा लोकांपासून ती लपवण्याचा प्रयत्न केला जातो, मात्र पूर्ण गुप्ततेची हमी संकेतस्थळ देत नाही.

कारखाना हलतो आहे हे जाहीरच असल्यामुळे येथे गुप्ततेचा प्रश्न फारसा नव्हता. श्री. द. यांना अडचण वाटत होती ती वेगळी. ज्या पुरवठादारांच्या प्रतिनिधींना त्यांनी वर्षानुवर्षे केबिनबाहेर बसवले, त्यांना आपली चौकट दिसणार, याचा संकोच. काही जण या संकोचाला खोटा अहंकार म्हणतील. चाळीस ओलांडलेल्या माणसाला गळ्यात पाटी अडकवल्यासारखे वाटणे आम्हाला तरी समजण्यासारखे वाटले. त्यांनी दुसरा प्रकार निवडला आणि कार्यमुक्त होईपर्यंत तोच ठेवला. त्यातून भरती संस्थांचे चार-पाच संदेश आले, त्यातला एक पाताळगंगेच्या औषध कारखान्याचा होता आणि मुलाखतीपर्यंत गेला. तेथे एफडीए या अमेरिकी औषध नियामकाच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या नियमांचा प्रत्यक्ष अनुभव हवा होता, जो त्यांच्याकडे नव्हता.

तिसरा निर्णय: कोणाला विचारायचे

या टप्प्यावर प्रकरणाला वळण मिळाले, म्हणून तो थोडा सविस्तर मांडतो.

श्री. द. यांनी स्वतः केलेल्या यादीत जवळचे मित्र, दहावीच्या वर्गाचा गट, सोसायटीतले एक बँक अधिकारी आणि दूरचे एक आमदारांचे स्वीय सहायक अशी नावे होती. आपल्याकडे नोकरीसाठी शब्द टाकायचा तो अशाच माणसांकडे, ही रीत आहे. परंतु जवळची माणसे सहसा आपल्याच वर्तुळात फिरतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवले होते की नव्या संधीची बातमी घट्ट नात्यांपेक्षा सैल ओळखींतून अधिक येते. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्याच सुमारे २ कोटी वापरकर्त्यांच्या ५ वर्षांतील माहितीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही नोकरी बदलण्यास सर्वाधिक उपयोगी ठरल्या त्या मध्यम सैल ओळखी, म्हणजे काही सामाईक परिचित असलेली पण रोजच्या उठबशीतली नसलेली माणसे. अगदीच सैल ओळखी त्या मानाने कमी उपयोगी ठरल्या, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मग श्री. द. यांच्या आयुष्यात अशी मध्यम सैल ओळखीची माणसे कोण? आम्ही त्यांना एकच काम दिले: मागील दहा वर्षांत कारखान्याच्या गेटवर पास बनवून जी बाहेरची माणसे तुमच्याकडे काम करायला आली, त्यांची नावे आठवा. डीसीएसचा सर्व्हिस इंजिनिअर, चिलरच्या वार्षिक देखभाल करारावरचा तंत्रज्ञ, जनरेटरवाल्या कंपनीचा माणूस, कॅलिब्रेशन लॅबचा पोरगा, पॅनेल बनवणारे ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले छोटे कारखानदार. ही माणसे मधमाश्यांसारखी पन्नास प्लांटमध्ये फिरतात. कोठे माणूस कमी आहे आणि कोठला मेंटेनन्स हेड राजीनामा देऊन बसला आहे, हे त्यांना एचआरच्या आधी कळते.

त्यांतला एक येथे महत्त्वाचा आहे. चिलरच्या देखभालीसाठी येणारा हा तरुण श्री. द. यांच्या फोनमध्ये 'चिलर सर्व्हिस २' या नावाने होता. फोन लावला तर तो नंबर कंपनीचा निघाला आणि आता कोणा दुसऱ्याच्या हातात होता. पूर्ण नाव आठवत नव्हते. श्री. द. यांनी जुन्या सर्व्हिस रिपोर्टच्या फायलीतून त्याची सही शोधली, त्याखालचे नाव वाचले आणि लिंक्डइनवर त्या चिलर कंपनीत पूर्वी काम केलेल्यांची चाळणी लावून ते टाकले. तो डोंबिवलीचा तरुण दोन वर्षांपूर्वीच नोकरी बदलून ऐरोलीच्या एका डेटा सेंटरच्या देखभाल चमूत वरिष्ठ पदावर गेला होता. फोनबुकातली ओळख मेली होती. संकेतस्थळावर ती माणसाबरोबर पुढे सरकली होती.

चौथा निर्णय: संदेश कसा लिहायचा

फुकट खात्यावर जोडणीच्या विनंतीसोबत चिठ्ठी फार थोडक्यात लिहावी लागते आणि महिन्याला मोजक्याच विनंत्यांना ती जोडता येते. म्हणून विनंतीत केवळ ओळख द्यायची आणि ती स्वीकारल्यानंतर सविस्तर लिहायचे, असे ठरले. श्री. द. यांचा पहिला मसुदा कार्यालयीन इंग्रजीत होता: 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम लुकिंग फॉर सुटेबल ओपनिंग, रेझ्युमे अटॅच्ड, काइंडली डू द नीडफुल.' ज्या मुलाला ते गेटवरून 'अरे, ये इकडे' म्हणून हाक मारत, त्याला अचानक 'रिस्पेक्टेड सर' म्हणणे दोघांनाही अवघडवणारे होते. जुन्या सलगीने 'अरे-तुरे' करणेही आता शोभले नसते, कारण आता विचारणारे श्री. द. होते आणि उत्तर देणाऱ्याच्या खुर्चीत तो होता. त्यांनी मराठीत आणि 'तुम्ही' करून लिहायचे ठरवले. पाठवलेला संदेश असा होता:

'नमस्कार. २०१९ च्या शटडाउनमध्ये दोन नंबर चिलरचे मॉडबस कम्युनिकेशन आपण रात्री अडीचला सुरू केले होते, आठवत असेल. आमचा प्लांट दहेजला जातोय. मी ठाण्यातच राहणार आहे आणि नोकरी शोधतो आहे. तुम्ही डेटा सेंटरला गेल्याचे प्रोफाइलवर दिसले. माझ्यासारख्या युटिलिटीच्या माणसाला तिथे नेमके कोणते काम जमेल आणि काय नव्याने शिकावे लागेल, हे तुमच्याकडून समजून घ्यायचे आहे. या आठवड्यात पंधरा मिनिटे फोनवर बोलता येईल का?'

मधल्या मसुद्यात 'नोकरी मागण्यासाठी हा मेसेज नाही' असे एक वाक्य होते. असे लिहावे, असा सल्ला सर्वत्र मिळतो. आम्ही ते काढायला सांगितले, कारण ते खरे नव्हते आणि वाचणाऱ्यालाही ते कळलेच असते. नोकरी शोधतो आहे हे स्पष्ट सांगून, मागणी मात्र पंधरा मिनिटांच्या माहितीचीच ठेवणे, यात समोरच्याला सहज 'हो' म्हणता येते.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आले: 'सर, तो चिलर विसरेन का. रविवारी फोन करतो.' रविवारच्या बोलण्यात कळले की त्यांच्याच इमारतीत शिफ्ट इन-चार्जची जागा निघणार आहे.

मधल्या काळातला एक धोका

याच सुमारास श्री. द. यांना आखातातील एका मोठ्या तेल कंपनीच्या नावाने लिंक्डइनवर संदेश आला. दोन दिवसांत मुलाखतीविना ऑफर लेटर आले, पगाराचा आकडा डोळे दिपवणारा होता, आणि वैद्यकीय तपासणी व व्हिसा नोंदणीसाठी पंचेचाळीस हजार रुपये एका वैयक्तिक खात्यात भरायचे होते. पैसे भरण्याची तयारी झाली होती. त्यांच्या पत्नींनी ऑफर लेटरवरचा ई-मेल पत्ता वाचून पाहिला. कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त होते. परदेशी नोकरी लावणारा एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. तेथे त्या एजंटाचे नाव सापडले नाही. पैसे गेले नसल्याने प्रकरण संकेतस्थळाकडे तक्रार करण्यावर थांबले. पैसे गेले असते तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तातडीने कळवणे ही पहिली पायरी ठरली असती. संपर्क खुला केला की असे लोकही त्याच दाराने येतात, आणि दोन महिने नकार झेललेला माणूस त्यांना सोपा सापडतो.

पाचवा निर्णय: लिहावे की नाही

'रोज एक पोस्ट टाका, मगच तुम्ही दिसाल' हा पुतण्याचा आग्रह श्री. द. यांनी मानला नाही, आणि योग्यच केले. पहाटेच्या सुविचारांनी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस ओळखला जात नाही. त्यांनी एकच मजकूर लिहिला: कूलिंग वॉटर लाइनवरचा डीपी ट्रान्समीटर (दाबातल्या फरकावरून प्रवाह मोजणारे उपकरण) चुकीचा प्रवाह दाखवत असताना ट्रान्समीटर बदलण्याआधी इम्पल्स लाइन, म्हणजे त्याच्यापर्यंत दाब नेणारी बारीक नळी, गाळाने तुंबली आहे का ते कसे तपासावे. सोबत प्लांटमधले छायाचित्र टाकायचे होते, पण त्यात टॅग नंबर आणि पॅनेलवरचे आकडे दिसत होते. ती कंपनीची माहिती असल्यामुळे छायाचित्र गाळून त्यांनी वहीच्या कागदावर पेनाने आकृती काढून टाकली. दाद देणारे मोजकेच होते. मात्र पुढे मुलाखतीत तांत्रिक प्रमुखांनी ती आकृती पाहिल्याचे सांगितले, आणि पहिला प्रश्न तिच्यावरूनच विचारला.

परिणाम

शिफारस झाली, पण सरळ झाली नाही. त्या कंपनीत कर्मचाऱ्याने शिफारस करायची तर उमेदवाराचे नाव आधी नोंदलेले नसावे, असा नियम होता. असा नियम अनेक कंपन्यांत असतो. श्री. द. यांनी पहिल्या दोन महिन्यांच्या धडाक्यात त्याच कंपनीच्या एका भलत्याच जागेसाठी जुन्या, कोऱ्या प्रोफाइलसह अर्ज केला होता आणि तो नाकारलेला म्हणून सॉफ्टवेअरमध्ये पडून होता. नवी शिफारस प्रणालीने स्वीकारली नाही. डोंबिवलीच्या तरुणाने आपल्या वरिष्ठांना प्रत्यक्ष सांगितले, वरिष्ठांनी एचआरला जुना अर्ज उघडून नवा बायोडाटा जोडायला लावला, आणि यात तीन आठवडे गेले. तरुणाला शिफारशीचा बोनसही मिळाला नाही.

दोन मुलाखती झाल्या. बीएमएसबद्दल विचारले तेव्हा श्री. द. यांनी काय येते आणि काय येत नाही, हे सांगितले. जनरेटरवर भार जाण्याच्या क्रमाबद्दल विचारले तेव्हा ते वीस मिनिटे बोलले. एप्रिल २०२५ मध्ये ते रुजू झाले. नियुक्ती डेटा सेंटरच्या मालक कंपनीत नसून तेथील देखभालीचे कंत्राट असलेल्या कंपनीच्या पेरोलवर झाली, हातात येणारा पगार आधीपेक्षा थोडा कमी झाला आणि जनरल शिफ्टच्या सवयीच्या माणसाला पुन्हा रात्रपाळी आली. कळव्याहून ऐरोलीला जाणे मात्र रबाळ्यापेक्षाही सोयीचे. मालक कंपनीच्या पेरोलवर जाण्याचा विषय अद्याप निघालेला नाही.

त्यांच्याच विभागातील एका सहकाऱ्याने हीच वाट धरली आणि त्याला यश आले नाही. त्याच्या कामाचा मोठा भाग रासायनिक अभिक्रिया जेथे होते त्या पात्राच्या, म्हणजे प्लांटच्या भाषेत रिॲक्टरच्या, तापमान नियंत्रणाशी जोडलेला होता. युटिलिटीचा अनुभव तुटपुंजा होता. तो वर्षाअखेरीस दहेजला गेला. प्रोफाइल त्याचेही चांगले होते.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत महाग पडला तो दीडशे अर्जांचा धडाका. अर्ज करण्याला पैसे लागत नाहीत, म्हणून तो फुकट आहे असे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक अर्ज कोठेतरी नोंद सोडतो आणि पुढच्या चांगल्या प्रयत्नाच्या आड येऊ शकतो. आधी पंधरा-वीस कंपन्यांची यादी करून, प्रत्येकीत आपल्या ओळखीचे किंवा ओळखीच्या ओळखीचे कोण आहे हे पाहून, माणूस नसेल तेथेच थेट अर्ज करायचा, हा क्रम पहिल्या दिवसापासून ठेवता आला असता.

दुसरे, कुणकुण लागली त्या वर्षीच बाहेरच्या सर्व्हिस इंजिनिअरांना संपर्कयादीत घ्यायला हवे होते. ते रोज गेटवर येत होते. गरज लागल्यावर पाठवलेली विनंती गरजवंताची दिसतेच, कितीही नीट लिहिली तरी. त्याच काळात प्लांट प्रमुखांकडून लेखी शिफारसही प्रोफाइलवर घेता आली असती, श्री. द. यांनी मागितली तेव्हा ते निवृत्त होऊन कोकणात गेले होते आणि त्यांनी संदेश कधी उघडलाच नाही.

आमच्या बाजूने पाहता, डेटा सेंटरच्या वाटेवर सर्व भर देण्यापूर्वी श्री. द. यांनी एकदा रात्रपाळीच्या तंत्रज्ञाशी स्वतंत्रपणे बोलावे, असे सुचवणे उपयोगी ठरले असते. कंत्राटी पेरोल, पाळ्या आणि मालक कंपनीकडे जाण्याची शक्यता यांबद्दलचे त्यांचे प्रश्न ऑफर हातात आल्यावर निघाले, तेव्हा वाटाघाटीला वेळ उरला नव्हता.

राहता राहिला तारखांचा घोळ. प्रोफाइलवर नोकरीची सुरुवात जून २००५ होती, तर ईपीएफओच्या नोंदीत ती डिसेंबर २००५ पासून दिसत होती, कारण पहिले सहा महिने ते शिकाऊ होते आणि भविष्यनिर्वाह निधीची कपात सुरू झालेली नव्हती. पार्श्वभूमी तपासणाऱ्या संस्थेने यावर खुलासा मागितला आणि जुने शिकाऊ नियुक्तीपत्र माळ्यावरच्या पेटीतून सापडेपर्यंत रुजू होण्याची तारीख आठवडाभर पुढे गेली. आता प्रोफाइलवर ते सहा महिने शिकाऊ म्हणून स्वतंत्र दाखवले आहेत, आणि आमच्या गटाकडे येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही मथळ्याच्याही आधी आपल्या तारखा ईपीएफओच्या नोंदीशी ताडून पाहायला सांगतो.